बदल भौतिक की रासायनिक, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

प्रश्न असा आहे: पुस्तकात दिलंय की भौतिक बदल उलट करता येतो आणि रासायनिक बदल उलट करता येत नाही. पण कागद फाडला तर तो पूर्ववत होत नाही, तरी त्याला भौतिक बदल म्हणतात. मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक) तापवला की पांढरा होतो, पाणी टाकलं की पुन्हा निळा होतो, तरी तो रासायनिक म्हणतात. मग ठरवायचं कशावरून, आणि विद्यार्थ्यांना प्रयोगातून दाखवायचं कसं?

तुमची शंका अगदी रास्त आहे. ‘उलट करता येतो का’ ही कसोटी लक्षात ठेवायला सोपी म्हणून चालत आली आहे, पण ती दोन्ही बाजूंनी फसते. काच फुटली, लाकडाचा भुसा झाला, कागदाचे तुकडे झाले, यातलं काहीच पूर्ववत होत नाही; तरी भुसा हे लाकूडच असतं. दुसरीकडे मोबाइलची बॅटरी रोज उतरते आणि रोज चार्ज होते. ती उतरताना आत रासायनिक अभिक्रिया घडते आणि चार्जिंगला लावल्यावर तीच अभिक्रिया उलट्या दिशेने घडते, शेकडो वेळा.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बदलाआधी जे कण होते तेच नंतरही आहेत का? कण म्हणजे त्या पदार्थाचे रेणू, आणि क्षारांच्या बाबतीत त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. कण तेच राहिले आणि फक्त त्यांची मांडणी, त्यांच्यातलं अंतर किंवा वेग बदलला, तर बदल भौतिक. जुने बंध तुटून अणूंची नवी जोडणी झाली, तर बदल रासायनिक. कण डोळ्यांना दिसत नाहीत ही खरी अडचण. म्हणून तापमापी, वजनकाटा आणि विद्युतवाहकता तपासायची साधी जोडणी, या तीन गोष्टींकडून पुरावा गोळा करावा लागतो. रंग बदलला, बुडबुडे आले, गरम झालं, अशा खुणांवर निकाल देऊ नये. त्यांच्याकडे पुढे येतो.

फरक किती मोठा आहे ते पाण्याच्या आकड्यांवरून कळतं. 100 °से. तापमानाच्या 1 ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण 2.26 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करायचं तर 15.9 किलोज्यूल लागतात, म्हणजे सुमारे सातपट. पहिल्या वेळी रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणूच्या आतलं काही हलत नाही. दुसऱ्या वेळी रेणूच मोडतो. ‘उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं?’ या प्रश्नाला ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ हे उत्तर हमखास येतं. त्याला हे दोन आकडे पुरेसे आहेत. नुसत्या उष्णतेने पाण्याचे रेणू लक्षात येण्याइतके मोडायचे, तर तापमान दोन हजार अंशांच्या वर न्यावं लागतं. बर्नरवरच्या चंचुपात्रात ते शक्य नाही. पाणी तापायला लागल्यावर सुरुवातीला काचेला चिकटून दिसणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. नंतर तळातून उठणारे मोठे बुडबुडे पाण्याच्याच वाफेचे. वाफ स्वतः अदृश्य असते. भांड्यावर जो पांढरा धूर दिसतो, ते वाफ थंड होऊन बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात.

तापमापी काय सांगते

अवस्थांतराचा प्रयोग बहुतेक ठिकाणी होतो, पण घाईत आणि अर्धवट. नीट करायचा तर 100 ग्रॅम बर्फ बारीक कुटून 250 मिलीच्या चंचुपात्रात घ्या, ढवळत राहा आणि दर 30 सेकंदांनी तापमान लिहा. आधी कागदावर हिशोब करा. बर्फ वितळायला दर ग्रॅमला 334 ज्यूल, म्हणजे एकूण 33.4 किलोज्यूल. ते पाणी 0 वरून 100 अंशांवर न्यायला 41.8 किलोज्यूल. आणि सगळ्याची वाफ करायला 226 किलोज्यूल. 500 वॅटचा हीटर असेल आणि उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरलं, तर बर्फ वितळायला 67 सेकंद, पाणी तापायला 84 सेकंद आणि आटायला साडेसात मिनिटं लागतील. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, कारण काच तापते आणि हवेतही उष्णता जाते, पण तिन्ही टप्प्यांचं एकमेकांशी प्रमाण ढोबळमानाने असंच दिसतं. उलट क्रमाने शिकवलं, म्हणजे आधी प्रयोग आणि मग आकडे, तर साडेसात मिनिटं तापमान हलत का नाही याचं महत्त्व कुणाच्या ध्यानात येत नाही.

तापमान थांबतं, कारण तापमान हे कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप आहे. वितळताना आणि उकळताना दिलेली ऊर्जा कणांचा वेग वाढवण्यात जात नाही, त्यांच्यातलं आकर्षण तोडण्यात जाते. हीच अप्रकट उष्मा. 1 ग्रॅम पाणी द्रवरूपात 1 मिलीच्या आसपास जागा व्यापतं, तर 100 अंशांची तेवढीच वाफ सुमारे 1.7 लिटर. याचा अर्थ रेणूंमधलं अंतर जवळजवळ बारा पटींनी वाढलं. रेणू मात्र आहे तेवढाच राहिला. ‘तापवल्यावर रेणू फुगतात’ असं लिहिलेलं उत्तर दिसलं, तर हे गणित तिथेच करून दाखवा.

या प्रयोगात काय बिघडतं ते आधीच माहीत असलेलं बरं. ढवळलं नाही तर बर्फ वर तरंगतो आणि खाली तापमापीचा फुगा असलेलं पाणी 4-5 अंशांवर जातं. मग आलेखात 0 अंशांची सपाट रेघ येतच नाही. फुगा तळाला टेकला तर वाचन जास्त येतं. बर्फ थेट फ्रीजरमधून काढला असेल, तर तो सुरुवातीला उणे 15 ते 18 अंशांवर असतो आणि सपाट रेघेआधी एक छोटा चढ दिसतो. तो चुकीचा नाही, बर्फ बर्फ असतानाच तापतो आहे. पाणी 100 ऐवजी 98 किंवा 97 अंशांवर उकळलं तर तापमापीला दोष देण्याआधी ठिकाणाची उंची बघा. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर उंचीला उत्कलनांक साधारण 1 अंशाने उतरतो, कारण हवेचा दाब कमी होतो. उत्कलन म्हणजे द्रवाचा बाष्पदाब आणि बाहेरचा दाब समान होणं, त्यामुळे ‘पाणी 100 अंशांवर उकळतं’ हे वाक्य दाबाच्या उल्लेखाशिवाय अपुरं आहे. तापमापी खरी आहे का हे बघायचं असेल, तर कुटलेला बर्फ आणि थोडं ऊर्ध्वपातित पाणी यांच्या मिश्रणात ती आधी बुडवून पाहा. तिथे 0 दिसलं पाहिजे.

आणखी एक धोका सांगायला हवा. अगदी गुळगुळीत, स्वच्छ भांड्यात शांतपणे तापवलेलं पाणी उत्कलनांकाच्या वर जाऊनही उकळत नाही आणि मग धक्का लागताच एकदम उसळतं. त्यासाठी सुरुवातीलाच न चकाकवलेल्या चिनी मातीचे दोन-तीन तुकडे टाकावेत. गरम झालेल्या द्रवात ते नंतर टाकू नयेत. नेमकं तेव्हाच तो अंगावर उडतो.

तापमापीचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे: पदार्थ शुद्ध आहे की मिश्रण, हे ती सांगते. यासाठी स्टिअरिक आम्ल उत्तम. 15 ते 20 ग्रॅम परीक्षानळीत घेऊन 80-85 अंशांच्या पाण्यात पूर्ण वितळवा, मग बाहेर काढून थंड होताना दर 30 सेकंदांनी तापमान नोंदवा. शुद्ध स्टिअरिक आम्ल 69 अंशांच्या जवळपास गोठतं आणि आलेखात तिथे स्पष्ट सपाट भाग येतो. कधीकधी सपाट भागाआधी तापमान एक-दोन अंश खाली जाऊन पुन्हा वर येतं. तो अतिशीतनाचा परिणाम. पहिले स्फटिक बनायला उशीर झाला, आणि ते बनायला लागताच बाहेर पडलेल्या उष्णतेने तापमान वर गेलं. बाजारात ‘स्टिअरिक आम्ल’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त मालात मात्र पामिटिक आम्ल बरंच मिसळलेलं असतं. तो 60 अंशांच्या खाली गोठतो आणि आलेख सपाट राहण्याऐवजी उतरता दिसतो. प्रयोग फसला असं समजून तो आलेख फेकू नका. शुद्ध पदार्थाला ठरावीक गोठणबिंदू असतो आणि मिश्रणाला तसा नसतो, हे दाखवायला दोन्ही आलेख शेजारी ठेवण्याइतकं चांगलं साधन नाही.

वजनकाटा, आणि फुग्याची फसगत

वस्तुमान अक्षय्य राहतं हा नियम पाठ असतो, पण प्रयोगात तो वारंवार मोडलेला दिसतो, कारण भांडं उघडं असतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लव्हाझिए यांनी 1774 च्या सुमारास बंद भांड्यात कथील तापवलं. भांडं बंद असेपर्यंत एकूण वजन बदललं नाही. तोंड उघडल्यावर हवा आत शिरली आणि मग वजन वाढलं. सगळं मर्म त्या ‘बंद’ शब्दात आहे.

हा प्रयोग खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर वापरून करता येतो, पण मापं पाळा. 500 मिलीची, दाब सहन करणारी प्लास्टिकची शीतपेयाची बाटली घ्या. तिच्यात 5 टक्के तीव्रतेचं 20 मिली व्हिनेगर ओता. 1 ग्रॅम सोडा टिश्यू कागदाच्या छोट्या पुडीत बांधून बाटलीच्या गळ्याशी अडकवा, झाकण घट्ट लावा आणि सगळ्याचं वजन करा. वजनकाटा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा असावा, 0.1 ग्रॅमचा काटा इथे जेमतेम चालतो. मग बाटली हलवून पुडी खाली पाडा. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर पुन्हा वजन करा: बदल नाही. झाकण हळूच सैल करा, फुस्स होऊ द्या, परत लावून वजन करा: साधारण 0.3 ते 0.4 ग्रॅमची घट.

इथे एक चांगला प्रश्न निघतो. 1 ग्रॅम सोड्यातून 0.52 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघायला हवा, मग घट कमी का? कारण जादा दाबाचा वायू तेवढा बाहेर जातो. त्यात निम्म्याहून जास्त हवाच असते, आणि बराचसा कार्बन डायऑक्साइड बाटलीत तसाच राहतो. थोडा पाण्यातही विरघळलेला असतो. मापं वाढवण्याचा मोह टाळा. 1 ग्रॅम सोड्याने आतला दाब वातावरणाच्या साधारण दीडपट होतो आणि बाटली तो सहज पेलते. पाच-दहा ग्रॅमचा विचारही करू नका, आणि काचेची बाटली कधीच नको.

आता फुग्याविषयी. अनेक ठिकाणी हाच प्रयोग बाटलीच्या तोंडाला फुगा लावून केला जातो, कारण तो फुगताना बघायला छान वाटतं. पण त्यात वजन खरोखर घटलेलं दिसतं, आणि ‘थोडा वायू गळला असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. वायू गळलेला नसतो. फुगा सुमारे 0.29 लिटरने फुगला की तेवढी बाहेरची हवा बाजूला सारतो आणि त्या हवेचं वजन साधारण 0.34 ग्रॅम असतं. तेवढ्या बलाने हवा फुग्याला वर उचलते आणि काटा तेवढं कमी दाखवतो. झाकण उघडल्यावर जितकी खरी घट येते, जवळपास तितकीच खोटी घट फुग्यामुळे येते. म्हणून वस्तुमानाचा नियम दाखवायचा असेल तर आकार न बदलणारं भांडंच हवं.

वजन वाढणारी उदाहरणंही दाखवायला हवीत, नाहीतर ‘जळणं म्हणजे संपणं’ ही समजूत जात नाही. बारीक स्टील वूल 3 ग्रॅम घ्या, त्यावर तेल असेल तर आधी ॲसिटोनने धुऊन पूर्ण वाळवा, मोकळं पिंजून काट्यावर ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि 9 व्होल्टच्या बॅटरीची टोकं टेकवून पेटवा. धुण्याचं काम आणि ॲसिटोनची बाटली पेटवण्याच्या जागेपासून लांब ठेवा. लोखंडाचं पूर्णपणे काळ्या ऑक्साइडात रूपांतर झालं, तर वजन 38 टक्क्यांनी वाढायला हवं. प्रत्यक्षात वाढ बरीच कमी येते, कारण आतले धागे जळत नाहीत आणि काही ठिणग्या फरशीबाहेर उडतात. तरीही काटा वर जातो, आणि ते बघितल्यावर हवेतून काहीतरी येऊन जोडलं गेलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मेणबत्तीतही हेच घडतं, फक्त तयार झालेले पदार्थ हवेत निघून जातात. 1 ग्रॅम मेण जळताना हवेतला जवळजवळ 3.5 ग्रॅम ऑक्सिजन घेतं आणि साधारण 3.1 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व 1.3 ग्रॅम पाणी बनतं. ज्योतीच्या वर क्षणभर थंड काच धरली तर ते पाणी दिसतं. मेणबत्तीला ‘दोन्ही बदलांचं उदाहरण’ म्हणून सोडून देऊ नका, क्रम सांगा: मेण वितळतं, वातीतून चढतं, त्याची वाफ होते, हे सगळं भौतिक, आणि ती वाफ ज्योतीत जळते, तो रासायनिक. ज्योत विझवल्यावर वातीतून निघणारा पांढरा धूर म्हणजे थंड होऊन गोठलेले मेणाचे कण. त्या धुराला पेटती काडी दाखवली तर ज्योत धुरावरून वातीपर्यंत उडी मारते. जळते ती वाफ, याचा हा समोर दिसणारा पुरावा.

मोरचुदाचा प्रयोग, बारकाईने

तुमच्या प्रश्नात मोरचूद आलाच आहे, तर तो प्रमाणासह करून बघावा. निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात. हे पाणी ओलाव्यासारखं बाहेरून चिकटलेलं नसतं. पाचातले चार रेणू कॉपरच्या आयनाला थेट बांधलेले असतात, आणि निळा रंग त्या बांधणीमुळेच येतो. पाण्याचा वाटा वस्तुमानाच्या 36 टक्के.

मोरचूद खलात बारीक करा. चिनी मातीची मूस कोरडी करून तिचं वजन घ्या आणि त्यात नेमके 5.00 ग्रॅम मोरचूद घाला. मंद आचेवर, काचेच्या कांडीने हलवत तापवा. आधी निळा रंग फिका पडतो, मग कडेने पांढरेपणा येतो, शेवटी सगळी पूड मळकट पांढरी होते. मूस हवेत गार होऊ देऊ नका. ती पूड हवेतली वाफ लगेच ओढते. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, गार करा, वजन करा, पुन्हा पाच मिनिटं तापवा, पुन्हा वजन करा. लागोपाठ दोन वजनांत 0.01 ग्रॅमपेक्षा जास्त फरक राहिला नाही की थांबा. 5.00 ग्रॅममधून 3.20 ग्रॅम उरायला हवेत.

3.56 ग्रॅमच्या आसपास अडकलात तर काय झालं ते ओळखा: पाचातले चार रेणू गेले, पाचवा राहिला. पहिले चार 110 अंशांच्या आसपास सुटतात, पण शेवटचा 200 च्या बराच वर गेल्याशिवाय सुटत नाही, म्हणून 110-120 अंशांच्या ओव्हनमध्ये कितीही वेळ ठेवलं तरी हा प्रयोग पुरा होत नाही. उत्तर 3.20 पेक्षा कमी आलं, पूड करडी-काळी दिसली आणि घशाला झोंबणारा वास आला, तर आच जास्त झाली. सल्फेट मोडून काळं कॉपर ऑक्साइड बनू लागलं आहे आणि सल्फरचे ऑक्साइड बाहेर पडत आहेत. तेव्हा लगेच बर्नर बंद करा आणि हवा खेळती करा. ही काळी पूड पाणी टाकून निळी होत नाही. म्हणजे एकाच मुशीत एक रासायनिक बदल सहज उलटणारा आणि दुसरा न उलटणारा. उलटण्याची कसोटी का टाकून द्यायची, ते इथे एका नजरेत दिसतं.

परतीच्या वाटेवर पांढऱ्या पुडीवर ड्रॉपरने पाणी एकेक थेंब टाका. निळा रंग परत येतो आणि पूड चटका बसण्याइतकी तापू शकते, म्हणून मूस हातात धरू नका. नुसतं ओलं होण्यात इतकी उष्णता निघत नाही. नवे बंध जुळल्याची ती खूण आहे. मोरचूद विषारी आहे. चष्मा लावा, हात धुवा, आणि उरलेलं द्रावण मोरीत न ओतता वेगळ्या बरणीत साठवा.

खुणांवर विसंबलं की काय होतं

रंग बदलणं, वायू सुटणं, उष्णता निघणं, साका बसणं: या चारही खुणा शंका घ्यायला ठीक, निकाल द्यायला अपुऱ्या. सोडावॉटरची बाटली उघडली की वायू सुटतो, तो बहुतांशी आधीच विरघळलेला असतो. संपृक्त द्रावण गार केलं की तळाला स्फटिक बसतात, तो भौतिक बदल. वाफेचं पाणी होताना दर ग्रॅमला 2.26 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो तो यामुळेच. उलट सोडा-व्हिनेगरची अभिक्रिया निखळ रासायनिक, पण तिच्यात द्रव गार होतो. बाटलीत टाकण्याआधी आणि नंतर तापमापी बुडवली तर काही अंशांची घट दिसते.

संप्लवनाच्या, म्हणजे स्थायूची द्रव न होता थेट वाफ होण्याच्या, उदाहरणांतही एक घोळ आहे. नवसागर (अमोनियम क्लोराइड), आयोडीन, कापूर, नॅप्थलीन ही नावं एका दमात घेतली जातात. नॅप्थलीन 80 अंशांना आणि आयोडीन 114 अंशांच्या जवळपास व्यवस्थित वितळतात. त्याआधीच त्यांची भरपूर वाफ होते, म्हणून द्रव बहुधा नजरेत येत नाही. नवसागर मात्र या यादीत बसत नाही. तापवल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, आणि थंड भागात ते पुन्हा जुळून पांढरा थर बसतो. दिसायला संप्लवन, घडतं विघटन.

हे तपासता येतं. लांब परीक्षानळीत अर्धा ग्रॅम नवसागर, त्याच्या वर काचलोकरीचा सैल बोळा, आणि तोंडाशी ओला लाल लिटमस. तळ तापवला की कागद आधी निळा होतो. अमोनियाचा रेणू हलका, 17 एकक, आणि हायड्रोजन क्लोराइडचा 36.5, हलका वायू बोळ्यातून लवकर पार होतो. थोड्या वेळाने आम्लधर्मी वायू पोचतो आणि कागद पुन्हा लाल होतो. नवसागर नुसताच वाफ होऊन वर गेला असता, तर हे दोन वायू एकामागून एक आलेच नसते. प्रयोग धूरपेटीत किंवा उघड्या खिडकीजवळ करा.

विरघळण्याचं काय?

शेवटचा वादाचा मुद्दा हा. मीठ पाण्यात विरघळणं भौतिक की रासायनिक, यावर जाणकारांतही एकमत नाही, आणि मतभेदाला कारण आहे. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोराइडचे आयन आधीपासून असतात. पाणी ती रचना उसवतं आणि प्रत्येक आयनाभोवती स्वतःचे रेणू उभे करतं. कण तेच राहिले हे बघितलं तर बदल भौतिक. आयनिक बंध सुटले आणि आयन-पाणी अशी नवी जवळीक तयार झाली याला वजन दिलं तर रासायनिकाकडे झुकतो.

विद्युतवाहकतेची जोडणी इथे उपयोगी पडते: दोन ग्राफाइटच्या कांड्या, 6 व्होल्टचा बॅटरीसंच, एक एलईडी आणि तिला साजेसा रोध. कोरड्या मिठातून दिवा लागत नाही, खाऱ्या पाण्यातून लागतो. यावरून ‘पाण्याने आयन तयार केले’ असा निष्कर्ष काढला जातो, तो चूक आहे. मीठ 801 अंशांवर वितळतं आणि पाण्याचा थेंब नसतानाही वितळलेलं मीठ वीज वाहून नेतं. आयन होतेच, स्थायूत ते जागेवर अडकलेले होते. हायड्रोजन क्लोराइड वायूची गोष्ट वेगळी. तो टोल्यूइन या सेंद्रिय द्रवात विरघळवला तर द्रावण वीज वाहत नाही आणि कोरड्या निळ्या लिटमसचा रंगही बदलत नाही. तोच वायू पाण्यात विरघळला की दोन्ही घडतं, कारण पाण्याशी अभिक्रिया होऊन रेणू मोडला आणि पूर्वी नसलेले आयन आले. म्हणून तो बदल निःसंशय रासायनिक. टोल्यूइनचा हा भाग वर्गात करू नका, आकृती काढून सांगा. ते ज्वलनशील आहे आणि त्याची वाफ श्वासात जाऊ नये. चुनकळी पाण्यात टाकणं हेही रासायनिक: 56 ग्रॅम चुनकळी 18 ग्रॅम पाणी घेऊन 74 ग्रॅम विरी गेलेला चुना होते, आणि उष्णता इतकी निघते की पाणी उकळू शकतं. साखर विरघळली की दिवा लागत नाही, कारण तिचे रेणू अखंडच राहतात. तो भौतिक बदल.

मिठाबद्दल शालेय पातळीवर उत्तर ‘भौतिक’ असंच लिहावं, पण पुढे ‘पाणी आटवलं की मीठ परत मिळतं’ एवढंच कारण देऊन थांबू नये. ‘सोडियम आणि क्लोराइडचे आयन विरघळण्याआधीही होते आणि नंतरही तेच आहेत, फक्त एकमेकांपासून सुटे झाले’ असं लिहावं. वरच्या वर्गात गेल्यावर आयनांभोवती जमणाऱ्या पाण्याच्या रेणूंचा विचार त्याच वाक्याला जोडता येतो, आणि आधी शिकलेलं काही पुसावं लागत नाही.